आजोबांची डॉज, मिस्त्रींचं इंजिन आणि औंध संस्थान

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या भागाचा लिखित मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच एक खुलासा. आजचा भाग औंधचा आहे, पण पुण्यातल्या औंधचा नाही. आयटी कंपन्या आणि ब्रेमेन चौकवालं औंध वेगळं. आपलं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. डोंगरावर यमाईचं मूळपीठ, खाली गाव, आणि १९४८पर्यंत एका संस्थानाची राजधानी.

झालं असं की मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. औंधच्या पंचक्रोशीतलाच मुलगा, वय तेवीस-चोवीस. नाव सांगू नका म्हणाला, म्हणून सांगत नाही. त्याचा मेसेज थोडक्यात असा:

“दादा, आमच्या वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची गाडी आहे. डॉज किंग्सवे. मुंबईत जोडलेली. वीस-बावीस वर्षं झाली, हलली नाही. आजोबांनी पंचाहत्तर-शहात्तर साली तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं होतं, मिस्त्रींकडून. आता एक जण बघून गेला. तो म्हणतो, हे डिझेलचं धूड भंगारात घाला, ओरिजिनल इंजिन शोधा, गाडी फॅक्टरीतून आली तशी करा, तरच किंमत आहे. आज्जी म्हणते, इंजिनाला हात लावायचा नाही. मी काय करू?”

आणि शेवटी हळूच म्हणाला, “दादा, डावीकडचं चाक काढायला गेलो तर नट तुटला. त्याचं पण काहीतरी सांगा.”

मंडळी, आजचा अख्खा भाग म्हणजे या मेसेजचं उत्तर आहे. उत्तर जरा लांबलंय, कारण ही एकटी गाडी समजून घ्यायला आपल्याला डेट्रॉइटपासून कुर्ल्यापर्यंत आणि कुर्ल्यापासून कुंडलपर्यंत फिरावं लागणार आहे. हेडफोन लावा.

अमेरिकन गाडी, मुंबईचा जन्म

पहिला प्रश्न: खटावच्या माळावर अमेरिकन गाडी आलीच कशी?

आपल्याला वाटतं की जुन्या भारतात ब्रिटिश गाड्या असतील, कारण राज्य ब्रिटिशांचं. पण अमेरिकन कंपन्या इथे फार आधी आल्या होत्या. फोर्डची भारतातली कंपनी १९२६ची. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. पेट्यांमध्ये सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथले कामगार ते जोडायचे. अमेरिकन गाड्यांचा एक मोठा गुण होता. त्या बनवल्या होत्या अमेरिकेतल्या कच्च्या, मातीच्या, लांबच लांब रस्त्यांसाठी. जमिनीपासून उंच, स्प्रिंगा दणकट, इंजिन मोठं. आता सांगा, त्या काळी दहिवडी ते विटा रस्ता कसा असेल? मग लंडनच्या गुळगुळीत रस्त्यावरची छोटी गाडी चालेल की ही?

दुसरं नाव आपल्या जवळचं. वालचंद हिराचंद. सोलापूरचे. १९४०च्या आसपास त्यांना भारतात मोटारीचा कारखाना काढायचा होता, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मदतीनं. महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिश सरकारनं साथ दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी उभी राहिली आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो, सगळी क्रायस्लरची नावं.

गंमत सांगतो. डॉज किंग्सवे ही मुळात प्लिमथच होती! समोरची जाळी, बिल्ले, पट्ट्या वेगळ्या, बाकी गाडी तीच. डिसोटो डिप्लोमॅटचंही तसंच. एकच पोरगं तीन घरांत तीन नावांनी हाक मारतात ना, तसं. आपल्या श्रोत्याला याचा मोठा फायदा आहे, तो पुढे सांगतो.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. युद्धामुळे अमेरिकेत फेब्रुवारी १९४२मध्ये खाजगी मोटारी बनवणं बंदच झालं. कारखाने रणगाडे आणि विमानांची इंजिनं बनवत होते. १९४५च्या शेवटी पुन्हा मोटारी सुरू झाल्या तेव्हा नवीन डिझाइन करायला वेळच नव्हता. त्यामुळे १९४६ ते १९४८च्या बहुतेक अमेरिकन गाड्या म्हणजे १९४२च्याच गाड्या, थोडा मेकअप केलेल्या. म्हणून या गाड्यांचे बरेच भाग आपसात जुळतात. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला यापेक्षा चांगली बातमी नसते.

मग अमेरिकन गाड्या गेल्या कुठे?

१९५३ साली टॅरिफ कमिशननं सांगितलं की ज्यांना भारतात हळूहळू खरंच गाडी *बनवायची* आहे त्यांनीच राहावं, नुसत्या पेट्या उघडून जोडणाऱ्यांनी नको. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, पण तिनं पुढे इटलीच्या फियाटचा हात धरला. छोटी, कमी पेट्रोल पिणारी गाडी. आपण जिला पद्मिनी म्हणून ओळखतो ती याच घराण्यातली.

परकीय चलनाची टंचाई होती. गाडीच काय, गाडीचा सुटा भाग आणायचा तरी आयात परवाना. म्हणजे विचार करा: तुमच्याकडे अमेरिकन गाडी आहे, ती बनवणारी कंपनी सात समुद्रापार, जोडणारी कंपनी दुसऱ्याच गाड्यांच्या मागे, आणि नवीन पार्ट मिळत नाही. गाडी बंद पडली तर?

तर तुम्ही जाता मिस्त्रीकडे.

या ठिकाणी लोक लगेच क्यूबाचं उदाहरण देतात. हवानाच्या रस्त्यावरच्या रंगीत शेव्हरोले, इन्स्टाग्रामवर बघितल्या असतील. अमेरिकेनं निर्बंध घातल्यावर तिथल्या लोकांनी रशियन गाड्यांचे भाग लावून त्या जगवल्या. आपल्याकडेही तेच चाललं होतं. फक्त आपल्या मिस्त्रींचे फोटो कुणी काढले नाहीत.

आता औंधकडे वळू

तुम्ही म्हणाल, यात औंधचा काय संबंध? एका श्रोत्याची वस्ती तिथे आहे एवढाच?

नाही. संबंध बराच खोल आहे.

औंध संस्थान लहान होतं. सत्तर-बहात्तर गावं, आणि तीही एका जागी नाहीत. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडे, मध्ये दुसऱ्यांची हद्द. आज त्यातला काही भाग सातारा जिल्ह्यात आहे, काही सांगलीत. १९०९ साली गादीवर आले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारवाले राजे म्हणून त्यांना सगळे ओळखतात. स्वतः चित्रकार. आणि त्यांच्या राज्यात १९१० साली एक माणूस आपलं बिऱ्हाड घेऊन आला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, मग बेळगावला सायकलचं दुकान टाकलं, मग लोखंडी नांगर बनवायला लागले. बेळगावची जागा नगरपालिकेला हवी होती, ती सोडावी लागली. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. निवडुंग आणि साप, बाकी काही नाही. तिथे किर्लोस्करवाडी झाली. नांगर, चरक, पंप. कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना निघाला, प्रभाकर कंदिलांचा, त्यालाही औंधच्याच राजाचा आधार होता.

आता हे बघा. कारखाना म्हणजे नुसता माल नव्हे. कारखाना म्हणजे साचा करणारा, ओतकाम करणारा, लेथवर बसणारा, मापाची पट्टी डोळ्यांत असलेला माणूस. शेतकऱ्याच्या पोरानं किर्लोस्करवाडीत काम शिकायचं आणि पुढे त्यातल्या काहींनी आपापल्या गावी, तालुक्याला शेड टाकायचं. साताऱ्याला कूपरचा कारखाना होता, तोही नांगरापासून सुरू होऊन इंजिनापर्यंत गेलेला. कोल्हापूरला उद्यमनगर उभं राहिलं. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात ऊस होता, विहिरी होत्या, विहिरीवर इंजिनं होती, आणि इंजिन बंद पडलं की पीक वाळतं. त्यामुळे इंजिन चालू करणं ही इथे हौस नव्हती, गरज होती.

म्हणजे डॉजचा पार्ट मिळाला नाही तरी तो *बनवू शकणारे हात* पन्नास किलोमीटरच्या आत होते. बाकी अनेक ठिकाणी गाडी बंद पडली तर संपलं. इथे तसं नव्हतं.

आणि औंधचा अजून एक प्रयोग. १९३८-३९मध्ये बाळासाहेबांनी स्वतःची सत्ता सोडून गावांच्या पंचायतींकडे कारभार दिला. गांधीजींचा सल्ला होता. त्या कामात एक पोलिश माणूस होता, मॉरिस फ्रीडमन. पेशानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर! आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला भिंत नसलेला तुरुंग झाला, त्याच्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ सिनेमा आला. तो विषय मोठा आहे, वेगळा भाग करू. आज एवढंच डोक्यात ठेवा की वरून कुणी येऊन करेल याची वाट न बघता इथल्यांनी इथेच करायचं, ही गोष्ट या मातीत नवीन नव्हती.

८ मार्च १९४८ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर तीन महिन्यांत, १ जून १९४८ला, पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. ती बेडफर्ड होती, पण एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकरही होत्या. दहा-दहा प्रकारच्या गाड्या! प्रत्येकीचे नट वेगळे, बोल्ट वेगळे. एसटीच्या वर्कशॉपमधल्या माणसांची काय शाळा झाली असेल, विचार करा. त्याआधी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा याच गाड्या मागे भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. म्हणजे एका इंधनाची गाडी दुसऱ्या इंधनावर नेणं, हा उद्योग आपल्याकडे आजोबांच्या डॉजच्या तीस वर्षं आधीच झालेला होता.

गॅरेजची भाषा

थोडा ब्रेक म्हणून एक मजा सांगतो. आपल्या गॅरेजात कान देऊन ऐका.

गाडीचं वरचं झाकण म्हणजे बॉनेट, मागचं सामान ठेवायची जागा म्हणजे डिकी, चाकावरचा पत्रा म्हणजे मडगार्ड. हे सगळे शब्द ब्रिटिश. अमेरिकेत यांतला एकही शब्द चालत नाही. पण आत गेलात की बघा. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला जुने मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात. डेल्को ही अमेरिकन कंपनी, जनरल मोटर्सच्या घरातली. स्प्रेनं मारलेल्या चकचकीत रंगाला आपण ‘ड्यूको’ म्हणतो, आता तर कपाटालाही ड्यूको मारतात. ड्यूको हे अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या रंगाचं नाव, १९२०च्या दशकातलं. त्याच्या आधी गाडीचा रंग वाळायला आठवडेच्या आठवडे लागायचे.

म्हणजे आपल्या मराठी गाडीचं कातडं ब्रिटिश आणि आतली ठिणगी अमेरिकन! कागदपत्रात राहिलं नाही ते मिस्त्रींच्या तोंडात राहिलं.

तुटलेल्या नटाचं रहस्य

आता आपल्या श्रोत्याचा नट. मित्रा, तुझी ताकद जास्त झाली असं नाही. तू उलटा फिरवलास.

क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट *उलट्या आट्यांचे* असायचे. उजवीकडचे नेहमीसारखे, डावीकडचे उलटे. कल्पना अशी की चाक ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेनं नट सैल होऊ नये. हे १९७०च्या आसपासपर्यंत चाललं. तू सोडवायला गेलास आणि खरं तर आवळत होतास. बोल्टाच्या टोकावर बघ, ‘एल’ अक्षर कोरलेलं असू शकतं. जुन्या मिस्त्रीला हे विचारायची गरज पडत नाही, यूट्यूबवाल्याला मात्र कळायला एक नट तोडावा लागतो.

दुसरी गोष्ट पान्यांची. आजच्या गाड्या मिलिमीटरवर. ब्रिटिश जुन्या गाड्यांचं माप निराळं. अमेरिकन गाडी इंचावर. चुकीचा पाना लावलात की नटाचे कोपरे गोल होतात, मग छिन्नी-हातोडा. पण आपल्या भागात इंचाचे पाने कसे टिकले माहितीये? जीपमुळे!

महिंद्रांनी १९४७पासून अमेरिकन विलीज जीप आणून जोडायला सुरुवात केली आणि मग ती इथेच बनू लागली. सरकारी खात्यात जीप, साखर कारखान्यात जीप, निवडणुकीत जीप, आणि शेवटी वडापला जीप. वीस-वीस माणसं कोंबून जाणारी ती वडापची जीप, ती कुठल्या तरी अर्थानं युद्धानंतरच्या अमेरिकन गाडीचीच नात आहे. डॉज-प्लिमथ संपल्या, तरी जीप राहिल्यामुळे हात सवयीत राहिले.

तिसरी गोष्ट, इंजिनाची. या डॉजचं मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरच्या आसपास. त्याला फ्लॅटहेड म्हणतात, कारण व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी बसतात. वरचं हेड म्हणजे नुसतं जाड झाकण. कॉम्प्रेशन कमी, सातच्या आसपास, त्यामुळे हलकं पेट्रोलही पचतं. पळायला फार चपळ नाही, पण बैलासारखं ओढतं, आणि माळावर झाडाखाली उघडून दुरुस्त होतं. त्या काळच्या शेव्हरोलेमध्ये तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं ओतीव असायची. पांढरा धातू वितळवून जागेवर ओतायचा आणि मग हातानं घासत-घासत माप आणायचं. ती बेअरिंग ओतणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत.

बॅटरी सहा व्होल्टची, आणि प्लस बाजू चॅसीला जोडलेली! आजच्या गाडीच्या बरोबर उलट. हे न बघता बारा व्होल्टची बॅटरी जोडली की धूर निघतो.

डिझेल कशाला घातलं?

१९७३ साली तेलाचा जागतिक पेच झाला आणि पेट्रोल कडाडलं. साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन पोसणं शेतकऱ्याच्या घरात शक्यच नव्हतं. अशा वेळी मोठ्या अमेरिकन गाडीपुढे दोनच रस्ते होते: भंगार, नाहीतर डिझेल. देशभरात कितीतरी डॉज, प्लिमथ, शेव्हरोले अशाच डिझेलवर गेल्या.

ऐकायला सोपं वाटतं ना, एक इंजिन काढलं, दुसरं बसवलं? बिलकुल नाही. डिझेल इंजिनाचं तोंड डॉजच्या गिअरबॉक्सला जुळत नाही. मग मध्ये जाड लोखंडाची प्लेट लागते, एका बाजूला या इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला त्या गिअरबॉक्सची. दोन्हीचा मध्य केसाइतकाही चुकला की क्लच खातो आणि शाफ्ट थरथरतो. ही प्लेट लेथवर, कुठलंही ड्रॉइंग नसताना, मापं घेत केलेली असते. डिझेल जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगांचं बघावं लागतं. डिझेलला फिरवायला सेल्फ ताकदीचा लागतो, सहा व्होल्टमध्ये भागत नाही, म्हणून सगळी वायरिंग बारा व्होल्टची करावी लागते. इंजिन खाली बसतं की स्टिअरिंगला लागतं, ते बघावं लागतं. हे सगळं गावाकडच्या शेडमध्ये, चेन-पुली आणि गॅस वेल्डिंगवर.

आज्जी त्याला हात लावू देत नाही. का, ते आता कळतंय का?

‘ओरिजिनल’ म्हणजे काय?

आणि इथे खरा पेच आहे, मंडळी.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, व्यवसायासाठी न वापरलेली गाडी असेल तर वेगळी नोंदणी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, पुन्हा नोंदणीला पाच हजार. रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरती रस्त्यावर आणायची. हे चांगलंच झालं, नाहीतर या गाड्या कायद्याच्या दृष्टीनं नुसत्या म्हाताऱ्या गाड्या होत्या.

पण त्यात एक अट आहे. गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.

म्हणजे बघा हं. एखाद्या संस्थानिकाच्या गॅरेजात पन्नास वर्षं झाकून ठेवलेली गाडी नियमात बसते. आणि जी गाडी शेतावर राबली, बाळंतिणीला दवाखान्यात घेऊन गेली, वऱ्हाड घेऊन गेली, आणि *जगण्यासाठी बदलली*, ती बसत नाही. मी नियमाला नावं ठेवत नाहीये. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, नाहीतर कुणीही काहीही व्हिंटेज म्हणेल. पण रेघेच्या पलीकडे कोण राहिलं ते आपण बघायला नको का?

या प्रश्नाचं उत्तर मी शोधलं ते औंधच्या संग्रहालयात. बाळासाहेबांनी टेकडीवर उभारलेलं हे भवानी संग्रहालय १९३८चं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ आहे. एका खेड्यात! तिथे उभं राहून विचार आला: रविवर्म्याच्या चित्राचा रंग उडाला तर कुणी नवीन ड्यूको मारून चकाचक करतं का? नाही करत. चित्रांची निगा राखणाऱ्यांचा एक साधा नियम असतो. जे काही कराल ते नंतर काढून टाकता आलं पाहिजे, आणि जे काढलं तर परत येणार नाही त्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करायचा.

गाड्यांच्या जगातही हा विचार आलाय. जुन्या वाहनांच्या क्लबांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिनं २०१२मध्ये ट्युरिन चार्टर नावाची तत्त्वं स्वीकारली. त्यांचा भर असा की गाडी नवीकोरी करण्यापेक्षा आहे ती सांभाळणं महत्त्वाचं, आणि वापराच्या काळात गाडीत झालेले बदल हाही तिच्या इतिहासाचा भाग आहे.

म्हणजे मिस्त्रींची ती प्लेट भंगार नाही. ती पुरावा आहे.

मग करायचं काय?

मित्रा, माझं मत सांगतो. निर्णय तुझा आणि आज्जीचा.

एक. आधी काहीच सोडवू नकोस. मोबाइल काढ आणि प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घे. चॅसी नंबर, कुर्ल्याची पट्टी, आरसी बुक, त्यात इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते. मग आज्जीसमोर बस आणि रेकॉर्डिंग चालू कर. गाडी कधी आली, कुणी चालवली, इंजिन कुणी बदललं. गाडी अजून दहा वर्षं गंजली तरी चालेल, आज्जीची आठवण थांबणार नाही.

दोन. जोर लावून चालू करायला जाऊ नकोस. वीस वर्षं बसलेल्या इंजिनात रिंगा चिकटलेल्या असतात. टाकीतलं जुनं डिझेल काढ, इंजेक्टर काढून भोकांतून तेल सोड, काही दिवस मुरू दे, आणि मग हातानं फिरवून बघ. सेल्फ मारायची घाई करणाऱ्यांनीच जास्त इंजिनं मोडलीत.

तीन. गाडीखाली जा आणि चॅसी बघ. जुन्या इंजिनाचे माउंटिंग कापलेत की तसेच आहेत? यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कापले नसतील तर उद्या कधीही मूळ जातीचं इंजिन परत बसू शकतं. आणि इथे ती तीन नावांची गंमत कामाला येते: तुला फक्त डॉजचं इंजिन शोधायचं नाही, प्लिमथचं आणि डिसोटोचंही चालू शकेल. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आहेतच.

चार. समजा इंजिन बदललंसच, तर डिझेल इंजिन आणि ती प्लेट विकायची नाही. स्वच्छ करायची, तेल लावायचं, आणि गाडीशेजारी ठेवायची. पाटी लावून.

हे सगळं मी त्याला मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी त्याचे फोटो आले. तो गाडीखाली टॉर्च घेऊन झोपला होता. चॅसी कुठेही कापलेली नाही. जुने माउंटिंग जागेवर, त्यांच्या भोकांत ग्रीस भरून वर बोल्ट लावून ठेवलेत, गंजू नयेत म्हणून. डिझेल इंजिनासाठी वेगळे ब्रॅकेट केलेत, तेही वेल्ड न करता बोल्टनं आवळलेले.

त्या मिस्त्रींनी संग्रहालयाचा नियम वाचला नव्हता. पण कुणीतरी कधीतरी ही गाडी परत पहिल्यासारखी करायला येईल, हे त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्याच्यासाठी त्यांनी वाट मोकळी ठेवली होती.

फोटोंखाली त्यानं लिहिलं होतं, “दादा, आज्जीला दाखवलं. ती म्हणाली, मिस्त्री म्हणालेच होते, पेट्रोल स्वस्त झालं की परत बसवू.”

पेट्रोल काही स्वस्त झालं नाही, मंडळी! त्यामुळे सध्या डिझेल इंजिन जागेवरच राहतंय. आधी ते हातानं फिरतं का बघायचं, मग ब्रेक, मग वायरिंग. व्हीए नंबरचा विचार नंतर. आणि डावीकडचे नट, आता सरळ दिशेनं नाही, उलट्या दिशेनं.

तुमच्या घरी, गावात, मामाच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी असेल, किंवा ती दुरुस्त करणारे मिस्त्री अजून असतील, तर त्यांच्याशी बोला. त्यांचा आवाज रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. गाडीचा फोटो नसला तरी चालेल, मिस्त्रींचा पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.